वहिनीची जोडलेली टेप

मी आमच्या वहिनीबद्दल बोलायला लागले की लोक एकमेकांकडे बघतात, झालं, नणंद सुटली आता. बघू देत. तीस वर्षं एका दुकानात, एका दिव्याखाली, तिनं कापायचं आणि शिवायचं, मी काज-बटण करायचं, एवढं झाल्यावर तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला नाही तर कुणाला आहे?

दुकान गल्लीच्या शेवटी. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. कापायच्या टेबलाची एक कड वहिनीच्या पोटानं घासून गुळगुळीत झाली आहे, हे मी तिला सांगते तेव्हा ती म्हणते, "वन्सं, तुमची जीभ घासून कधी गुळगुळीत व्हायची?" गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच ती मान वर करून आकडा सांगते. "अडतीस. मागच्या खेपेला छत्तीस होतात." मग टेप लावायची, आणि टेप निमूटपणे अडतीस दाखवणार. बँकेचे एक साहेब माप देताना पोट आत ओढून उभे राहिले, तर ही म्हणते, "श्वास सोडा साहेब. शर्ट घातल्यावर घ्यायचाच आहे ना?" साहेब लाजले, पण दुसरीकडे गेले नाहीत. तिचा शर्ट कुणाला कधी तंग झाला नाही की ढगळ झाला नाही. माणूस खोटं बोलेल, टेप बोलणार नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

दादा, म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा, पाट्या रंगवायचा. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची. पाच वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्याची दृष्टी गेली. आधी कडेकडेनं गेली, मग मधली. कुंचले धुऊन, फडक्यात गुंडाळून त्यानं माळ्यावर टाकले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला तो सहा महिने उठला नाही. बाहेर न्यायचं म्हटलं तर रस्त्यात मी किंवा वहिनी हात धरणार, आणि तो खेकसणार, "सोड! मी काय बाजाराची पिशवी आहे?" सोडला तर सायकलवाला अंगावर येणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत.

त्याला खुर्चीतून उठवलं ते रानानं. आमची गल्ली संपते तिथून रान सुरू होतं. ते कुणी लावलेलं नाही. आमच्या पणज्याच्या आधीपासून ती झाडं आपली आपण उगवली, वाढली, पडली. आत एक पायवाट आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना इतकी दाट झाडं की हात पुढे केला की एक लागतंच. एका सकाळी दादा भिंत चाचपत गल्लीच्या टोकापर्यंत गेला, पहिलं झाड हाताला लागलं, मग दुसरं, मग तिसरं. तासाभरानं परत आला तो शीळ घालत. सहा महिन्यांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती. वहिनी मशीनवर होती. तिनं ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावायचा सोडून त्याच्यावर ओरडायला लागली, कुठे गेला होता म्हणून. ती आनंद झाला की ओरडते.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला दादा एकटा रानात जायचा. वहिनीची एकच अट, ओढ्याच्या अलीकडच्या सपाट दगडापर्यंत जायचं, तिथून मागे फिरायचं. ओढ्याचा काठ खोल, पलीकडे नुसती काटेरी झुडपं. दादानं मान डोलवली होती.

मग एके दिवशी पहिल्याच झाडावर एक कागद चिकटवलेला दिसला. चौपदरी रस्ता येणार, रान सपाट होणार. रस्त्याच्या खात्यानं सर्व्हे करून टाकला होता: झुडपी जंगल, मोठी झाडं फक्त एकशे चाळीस. नियम असा की साठ इंच किंवा त्याहून जास्त घेराची तीनशे झाडं असली तर ते जुनं रान ठरतं आणि रस्त्याला वळसा घ्यावा लागतो. एकशे चाळीस! मला तर तो कागद वाचूनच राग आला. माणसानं खिडकीतून बघून मोजलं तरी जास्त भरतील.

शाळेतले निवृत्त मास्तर पुढे झाले. त्यांनी सगळ्या गल्लीला शाळेच्या वर्गात बोलावलं. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मास्तर हवा, पाणी, पक्षी, पुढची पिढी असं बरंच बोलले आणि चांगलं बोलले. मग म्हणाले, एकेका झाडाचं माप घेऊन यादी द्यायची आहे, मोजणार कोण? सगळ्या वर्गाच्या माना एकदम आमच्या बाकाकडे वळल्या.

"घेते की," वहिनी म्हणाली. "फक्त झाडांना सांगा, मध्येच हलायचं नाही."

वर्ग हसला. घरी येताना मात्र ती मला हळूच म्हणाली, "वन्सं, ते पक्षी-बिक्षी मास्तर बघतील. हे रान गेलं ना, तर हे परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. मग मी काय करू?" इतक्या वर्षांत तिनं मला 'मी काय करू' असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मोजू या. दुसरं काय!"

आता शिंप्याची टेप असते साठ इंचांची. माणसाला पुरते, झाडाला पुरत नाही. मास्तर म्हणाले, लांब पोलादी टेप आणून देतो. वहिनीला तो अपमान वाटला. "मला माझ्या टेपेची सवय आहे," म्हणाली, आणि दोन टेपा घेऊन मशीनवर बसली. टोकांचे पत्रे काढले, एकीचं शेपूट दुसरीच्या तोंडाखाली सरकवलं, दोनदा शिलाई मारली, ओढून बघितली. अशी शिवण की बोट फिरवलं तरी कळू नये. मी सुद्धा कौतुक केलं, जे मी सहसा करत नाही. पहिली टेप संपली की दुसरीवरचा आकडा साठात मिळवायचा, सोपं काम.

त्यानंतरचे अकरा दिवस आमच्या गल्लीनं असे काही घालवले की विचारू नका. दुपारी दुकान बंद, बाहेर पाटी, 'रानात आहोत'. वहिनी झाडाला टेप घालणार, आकडा ओरडणार, मी वहीत लिहिणार, आणि शिंप्याच्या खडूनं बुंध्यावर नंबर. बेकरीवाला पावाच्या ट्रेमधून चहाचे पेले आणायचा. मास्तर कुठलं मोजलं, कुठलं राहिलं ते नकाशावर भरायचे. जी बायका-माणसं एकमेकांशी बोलत नव्हती ती एका टेपेची दोन टोकं धरून उभी राहिली. झाडांना नावं पडली. मधूनच फुगलेल्या एकाचं नाव 'बँकेचे साहेब'. ते साहेब स्वतः एके दुपारी आले, झाडाशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "याचं जास्त आहे हो!" वहिनी अधूनमधून कुरकुरायची, "डोळ्याला जरा कमीच दिसतंय, आणि टेप जास्त सांगतेय." मग आपणच समजूत घालायची, "जाऊ दे, झाडं काय माझी रोजची गिऱ्हाइकं आहेत?" आणि मी टेपेचा आकडा लिहायची.

मोजणी ओढ्याशी थांबली तेव्हा तीनशे सत्तावीस झाडं झाली होती. मास्तर म्हणाले, हद्द पलीकडच्या दगडी भिंतीपर्यंत आहे खरी, पण आता त्या काट्यांत कशाला शिरायचं? तीनशे झाली, वर सत्तावीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि तोंड बंद ठेवलं. ते का, ते पुढे येईल.

तपासणीला वरून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, उंच बूट, कमी बोलणाऱ्या, पट्ट्याला पोलादी टेप. त्यांच्याबरोबर रस्त्याच्या खात्याचे एक साहेब, नव्या कोऱ्या बुटांत. आमच्या बाजूनं मास्तर, वहिनी, वही घेऊन मी, आणि दादा. दादाला घरी बस म्हटलं होतं. तो म्हणाला, "माझ्या रानात तपासणी आणि मी घरी?"

बाईंनी वही उघडली, नंबर सतराजवळ गेल्या, टेप लावली. "तुमचे शहाऐंशी. माझे चौऱ्याऐंशी." पुढच्या झाडाशी गेल्या. "तुमचे एकाहत्तर. माझे एकोणसत्तर." तिसरं, एकशे चारचे एकशे दोन. वहिनीचा चेहरा मी बघत होते. तिच्या दुकानात इतक्या वर्षांत कुणी तिच्या मापाला बोट लावलं नव्हतं. रस्तेवाल्या साहेबांना तर उकळ्याच फुटल्या. "फुगवलंय! सगळंच फुगवलंय! अशा यादीला काय अर्थ?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण जीभ जागेवर होती. "साहेब, एकशे चाळीस मोजणाऱ्यांनी आम्हाला मोजायला शिकवू नये!" मी म्हटलं. मास्तरांनी माझी बाही ओढली.

बाई पुढच्या झाडाकडे सरकल्या. दहा झाडं मोजली. दहाच्या दहा दोन इंचांनी कमी. मग त्यांनी वहिनीपुढे हात केला. "तुमची टेप बघू."

वहिनीनं गळ्यातली टेप काढून दिली. बाईंनी ती पोलादी टेपेशेजारी जमिनीवर पसरली. अठ्ठावन्नापर्यंत दोन्ही बरोबर. पुढे जोड आला, आणि तिथून वहिनीची टेप दोन इंच पुढे पळाली. वहिनी खाली वाकली, जोडावरून बोट फिरवलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई गं! दाबात गेले!"

आम्हा शिवणाऱ्यांना दुसरं काही सुचतच नाही. दोन कापडं जोडायची म्हणजे एक दुसऱ्याखाली घ्यायचं, दोन इंच आत दाबायचे, म्हणजे शिवण उसवत नाही. वहिनीनं टेपेलाही तेच केलं. ते आत गेलेले दोन इंच कुणी वजाच केले नाहीत. आणि मी, जन्मभर शिवणी बघितलेली बाई, त्या शिवणीचं कौतुक करत बसले होते!

वहिनी उभी राहिली. "चूक माझी आहे. टेप मी शिवली. लिहिणारीची नाही, मास्तरांची नाही. माझी." मी म्हणायला गेले की माझीही, तर तिनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या क्षणी ती मला इतकी आवडली की काय सांगू. पण तिला ते सांगितलं तर डोक्यावर बसेल, म्हणून आजवर सांगितलेलं नाही.

बाई टेप गुंडाळत म्हणाल्या, "खोटं लिहिणारा माणूस सगळीकडे नेमके दोनच इंच खोटं लिहीत नाही. प्रत्येक झाडाला हात लावल्याशिवाय अशी चूक होत नाही. यादी मी धरते. प्रत्येक आकड्यातून दोन वजा करा."

जिवात जीव आला, पण तो काही फार वेळ टिकला नाही. वहीत साठ आणि एकसष्ट लिहिलेली सगळी झाडं आता साठाच्या खाली जाणार होती. मी गुडघ्यावर वही ठेवून एकेकावर काट मारत गेले. बाई माझ्या खांद्यावरून मोजत होत्या. एकतीस काटा. उरली दोनशे शहाण्णव.

"चार कमी," बाई हळू म्हणाल्या. त्यांनाही ते बरं वाटलं नसावं. "आज पाचपर्यंत जे मोजलं जाईल तेवढंच मला धरता येतं." पावणेचार झाले होते. मास्तर मटकन खाली बसले. वहिनी झाडांकडे बघत नव्हती, दादाकडे बघत होती. तो एका बुंध्याला पाठ लावून उभा होता.

आता सांगते मी तोंड का बंद ठेवलं होतं. मला माहीत होतं की ओढ्यापलीकडे झाडं आहेत. आणि ते मला कुणी सांगितलं हे वहिनीला कळलं तर काय होईल, हेही मला माहीत होतं. मी शपथेत अडकलेली बाई. पण चार झाडांसाठी सगळं रान? मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादाच बोलला.

"ओढ्यापलीकडे आहेत. मोठी. माझ्या कवेत मावत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?" वहिनी म्हणाली.

दादानं घसा खाकरला. "मी जातो तिथे."

"कुठून जाता?"

"ओंडका पडलाय एक. आडवा. त्याच्यावरून."

बाईंनी सुद्धा पेन थांबवलं. मग वहिनीचा आवाज फुटला. "ओंडक्यावरून! डोळे नाहीत आणि ओंडक्यावरून! किती दिवस?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! रोज! आणि मी इथे दगडापर्यंत, दगडापर्यंत म्हणत... आणि वन्सं? तुम्हाला ठाऊक होतं?"

मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. चपला तशा बऱ्या होत्या.

"ओरड नंतर," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. कारण त्याला पक्कं ठाऊक होतं, आज हे सांगितलं म्हणजे उद्यापासून ओंडका बंद, कदाचित रानही बंद. "हवं तर जन्मभर ओरड. पण आधी झाडं मोज."

आणि तो चालायला लागला. झाडाला हात, पुढच्या झाडाला हात, कुठे वाकायचं तिथे वाकला, कुठे मूळ वर आलंय तिथे पाय उचलला. आम्ही डोळस माणसं ठेचकाळत मागे. ओंडक्याशी तो थांबला आणि आधी पलीकडे जाऊन दाखवलं, चार पावलांत. बूटवाल्या बाई गेल्या. मी बसून, सरकत सरकत गेले, लाज कसली त्यात! रस्तेवाले साहेब खाली पाण्याकडे आणि मग आपल्या बुटांकडे बघून म्हणाले, "मी इथूनच बघतो." मास्तर त्यांच्या सोबतीला थांबले.

वहिनी काठावर उभी. वजनदार बाई, उंचीची भीती, दुकानात स्टुलावर सुद्धा चढत नाही. दादा परत आला, ओंडक्याच्या मध्यावर उभा राहून हात पुढे केला. "हात दे. आणि माझा सोडू नकोस."

"मला काय बाजाराची पिशवी समजलात?" ती म्हणाली, पण हात दिला. दोघं हळूहळू पलीकडे आली. तिचे डोळे गच्च मिटलेले होते, ते तिनं परत येताना उघडले.

झुडपांमधून दादानं केलेली एक बोळ होती, दोन वर्षांची. तिच्यापुढे ती झाडं. आई गं, काय झाडं! वहिनीनं पहिल्या झाडाकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "चौसष्ट." बाईंनी पोलादी टेप लावली. चौसष्ट. दुसरं, "सत्त्याहत्तर." सत्त्याहत्तर. तिसऱ्याला वहिनी म्हणाली, "एकोणसाठ. नाही बसत." दादा म्हणाला, "नीट बघ गं!" टेप लावली, एकोणसाठ. "बघितलं? सांगते ना!" ती खूश, आणि मग आपण कशावर खूश होतोय ते लक्षात येऊन जीभ चावली. चौथं ब्याण्णव, पाचवं सहासष्ट. तिथे तीनशे झाली. मी इतक्या जोरात ओरडले की ओढ्यापलीकडून मास्तर ओरडले, "काय झालं? कोण पडलं?"

बाई म्हणाल्या, थांबू नका, पाच वाजलेले नाहीत. शेवटी तीनशे तीनवर त्यांनी सही केली, आणि जाताना वहिनीला विचारलं, "हा माझा कोट बाहीला आखूड आहे. बघाल?" वहिनी म्हणाली, "दीड इंच. मी मघाशीच बघितलंय."

रस्त्याला वळसा पडल्याचं पत्र यायला पुढे महिना लागला. त्या दिवशी बेकरीवाल्यानं गल्लीत टेबलं मांडली आणि बँकेच्या साहेबांनी नाच केला, ते सगळं झालंच. पण मला सांगायचं आहे ते तपासणीच्या दुसऱ्या दिवशीचं.

आदल्या संध्याकाळी वहिनी एक शब्द बोलली नव्हती. तिची बडबड परवडते, गप्प बसणं नाही. सकाळी सहाला दादा नेहमीसारखा जिना उतरला आणि दुकानाच्या दाराशी थांबला. चपला पायात होत्या, पण पाय उचलत नव्हता. वाट बघत होता तिच्या हुकुमाची. मी हातातली सुई तशीच धरून बसले.

वहिनी कापायच्या टेबलाशी पाठमोरी उभी होती. "ओंडक्याच्या मधोमध शेवाळ आहे," ती म्हणाली. "डाव्या अंगानं जा."

दादानं पाय उचलला. "बरं," म्हणाला, आणि गेला.

ती मशीनवर येऊन बसली. पायडलवर पाय ठेवले, पण मशीन चालवलं नाही. घड्याळाकडे बघायची, दाराकडे बघायची. एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाली नंतर या. मी काही विचारलं तर हातानंच गप्प. तासभर असं. मग लांबून, गल्लीच्या टोकाकडून शीळ ऐकू आली. वहिनीनं डोळे पुसले आणि धाडकन मशीन सुरू केलं, असं खडखडवलं की खिडकीची काच हलायला लागली.

दादा आत आला. "अरे वा! सकाळी सकाळी एवढं काय शिवतेस?"

"कोट," ती म्हणाली. "त्या बाईंचा. बोलू नका मध्ये, काम आहे."

सुईखाली कापडच नव्हतं.